व्यवसाय कर आम्हीही भरला, मग हमी आम्हाला का नाही?

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय: शहरात राहणाऱ्या, नोकरी गेलेल्या चाळिशीपुढच्या कामगारांना कामाची कायदेशीर हमी मिळण्याबाबत

महोदय, महोदया,

मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत अठरा वर्षं काम केलं. विजेची उपकरणं बनवणाऱ्या एका कारखान्यात असेंब्लीला लागले, पुढे लाइनवर तपासणीचं काम माझ्याकडे आलं. 2022 मध्ये मालकांनी उत्पादन दुसऱ्या राज्यातल्या प्लांटला हलवलं आणि आमचं युनिट बंद केलं. तेव्हा मी एकेचाळीस वर्षांची होते. त्यानंतर मला पगाराची कायम नोकरी मिळालेली नाही. माझ्याबरोबर लाइनवर असलेल्या बहुतेक बायकांची आणि पुरुषांची हीच गत आहे.

हे पत्र आत्ताच का, तेही सांगते. 2024 मध्ये सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला महिन्याला 6,000, आयटीआय किंवा पदविकावाल्याला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन आणि कारखान्यात किंवा कार्यालयात सहा महिने प्रत्यक्ष काम, अशी ती योजना. 2025 मध्ये ही मुदत अकरा महिने झाली. योजना चांगली आहे. आमच्या कॉलनीतल्या मुलामुलींना तिचा उपयोग झाला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण वयाची अट 18 ते 35 अशी ठेवली होती आणि मुदत वाढवताना तिला कुणी हात लावला नाही. छत्तीस ते अठ्ठावन्न या वयात नोकरी गेली तर त्या माणसाने काय करायचं, याचं उत्तर या योजनेत नाही, दुसऱ्या कुठल्या योजनेतही मला सापडलं नाही. यावर गप्प बसणं मला आता शक्य नाही.

आपण कायदे करता, म्हणून कायद्यापासूनच सुरुवात करते.

माझ्या पगारपत्रकावर दर महिन्याला एक कपात असायची. व्यवसाय कर, 200 रुपये, फेब्रुवारीत 300. वर्षाचे 2,500. हा कर कशासाठी कापतात हे आम्हाला कुणी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. नोकरी गेल्यावर युनियनच्या एका जुन्या कार्यकर्त्यांनी सांगितलं तेव्हा कळलं. 1972 च्या दुष्काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्यासाठी पैसा हवा होता. म्हणून 1975 मध्ये महाराष्ट्राने नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर हा कर बसवला. 1977 मध्ये याच विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. काम मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, नाही दिलं तर बेरोजगार भत्ता. केंद्राने 2005 मध्ये देशभरातल्या ग्रामीण भागासाठी कायदा केला तेव्हा पुढ्यात महाराष्ट्राचा अनुभव होता. शहरातल्या पगारदाराने कर भरायचा आणि त्यातून दुष्काळी गावातल्या मजुराला हक्काचं काम मिळायचं, ही कल्पना मांडणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. माझं माहेर सिन्नर तालुक्यातलं आहे. माझ्या आजीने रोजगार हमीच्या पाझर तलावावर खडी फोडली आहे. त्या कामाचं मोल मला दुसऱ्या कुणी सांगायला नको.

पण त्या कायद्याची हमी ग्रामीण भागाला आणि 'क' वर्ग, म्हणजे लहान, नगरपालिकांच्या हद्दीला होती. मोठ्या शहराला नव्हती. त्या वेळी हे बरोबरही असेल. शहरात गिरण्या चालू होत्या, नवे कारखाने येत होते, एका ठिकाणचं काम सुटलं तर दुसऱ्या ठिकाणी लागत होतं. तो काळ 1982 च्या गिरणी संपानंतरच सरला. मुंबईत अडीच लाखांच्या आसपास कामगार त्या संपात होते आणि त्यातल्या असंख्यांना पुन्हा गिरणीचं दार उघडलं नाही. त्यांच्या घरच्या बायकांनी खानावळी चालवल्या, डबे केले, पापड लाटले आणि संसार तगवले. गिरणी कामगारांसाठी म्हाडाच्या घरांची पहिली सोडत निघाली ती 2012 मध्ये. घराचा प्रश्न तीस वर्षांनी का होईना विधिमंडळासमोर आला. कामाचा प्रश्न आलाच नाही. शहरातल्या माणसाचं काम गेलं तर तो आपलं आपण बघून घेईल, असंच तेव्हा धरलं गेलं आणि आजही तेच धरलं जातं.

म्हणून माझी पहिली आणि मुख्य तक्रार ही आहे. हमीसाठी आमच्या पगारातून वर्षानुवर्षं कर घेतला गेला. आमचं काम गेलं त्या दिवशी त्या हमीत आमच्यासाठी एक ओळही नव्हती. गावाकडच्या मजुराचा हक्क कमी करून आम्हाला द्या, असं मी म्हणत नाही. त्याला मिळतं तेही वेळेवर आणि पुरेसं मिळत नाही, हे मला माहीत आहे. हमी शहराच्या वेशीवर थांबू नये, एवढंच मागते आहे.

नोकरी गेल्यावर माणसाच्या हाती काय पडतं, ते आपल्यापैकी अनेकांना जवळून माहीत नसेल. कायद्याप्रमाणे भरपाई म्हणजे नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. माझ्या अठरा वर्षांचे झाले नऊ महिने. ग्रॅच्युइटी वेगळी. युनियनने पाठपुरावा सोडला नाही म्हणून हे पैसे आम्हाला मिळाले. ठेकेदाराकडे असलेल्यांच्या हातात शेवटच्या महिन्याचा पगार पडायलाही खेटे घालावे लागले. त्या नऊ महिन्यांच्या पैशातून आधी घराचं कर्ज हलकं केलं, कारण हप्ता चुकला की सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, खराब होतं आणि पुढे कुणी दारात उभं करत नाही. उरलेल्यातून मुलाच्या डिप्लोमाची फी भरली. पीएफ काढला. दागिने सोनेतारणात गेले. मिस्टर शाळेची व्हॅन चालवतात. त्यांच्या कमाईत किराणा आणि वीजबिल निघतं, उन्हाळ्याच्या सुट्टीत तेही निघत नाही.

विमा होता ना, असं काही जण विचारतात. राज्य कामगार विम्यात अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. नोकरी गेलेल्याला सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त नव्वद दिवस आणि आयुष्यात एकदाच. पण विम्यासाठी पगाराची मर्यादा 21,000 आहे. माझा पगार शेवटच्या काही वर्षांत जेमतेम त्याच्या वर गेला आणि मी विम्यातून बाहेर पडले. पेन्शन म्हणाल तर कर्मचारी पेन्शन योजनेची पूर्ण पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षी, आणि 2014 पासून तिची किमान रक्कम महिन्याला 1,000 रुपये आहे ती आजवर तेवढीच आहे. नवी औद्योगिक संबंध संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्यात नोकरकपातीत काम गेलेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे, मालकाने कामगारामागे पंधरा दिवसांचा पगार भरायचा. पंधरा दिवसांच्या पगारात माणूस नवं काम शिकून घ्यायचा कसा, हे मला उमगत नाही. आणि ज्यांचं काम त्याआधी गेलं त्यांना तर तेवढंही नाही. त्याच संहितेने कारखाना बंद करताना सरकारची परवानगी घेण्याची अट शंभर कामगारांवरून तीनशेवर नेली. म्हणजे बंद करणं सोपं झालं आणि बंद झाल्यानंतरची सोय होती तिथेच राहिली.

आता वयाबद्दल. सरकारी नोकरीची दारं खुल्या प्रवर्गाला 38 व्या आणि मागासवर्गीयांना 43 व्या वर्षी बंद होतात. खासगी कारखान्यांच्या फाटकावर लागणाऱ्या पाट्यांवर '18 ते 30' किंवा '18 ते 35' असतं. रोजगार मेळाव्यांना मी गेले. तिथे बहुतेक टेबलांवर शिकाऊ उमेदवार हवे होते, म्हणजे विद्यावेतनावर घ्यायचे आणि मुदत संपली की नवे आणायचे. एका टेबलावरच्या मुलाने माझा अनुभवाचा दाखला नीट वाचला, काम चांगलं आहे म्हणाला आणि हळू आवाजात सांगितलं, "ताई, सिस्टिममध्ये वय टाकलं की फॉर्म पुढे जातच नाही." त्या मुलाचा काही दोष नाही. तो नियम कुणीतरी बसवला आहे आणि तो बदलता येतो. वृद्धांसाठीच्या योजना साठी-पासष्टीनंतर सुरू होतात. म्हणजे अडतीस ते साठ या मधल्या काळात, घरात मुलांची शिक्षणं आणि सासूसासऱ्यांची आजारपणं एकदमच अंगावर असतात तेव्हा, सरकारच्या लेखी आमचं वय कुठल्याच रकान्यात बसत नाही.

मी आणि माझ्या मैत्रिणी हातावर हात ठेवून बसलेलो नाही. काय काय केलं ते सविस्तर सांगते, कारण 'स्वतःचं काहीतरी सुरू करा' हा सल्ला आम्हाला प्रत्येक कार्यालयात आणि प्रत्येक भाषणात मिळतो.

जानेवारी ते एप्रिल द्राक्षांचा हंगाम असतो. दिंडोरी, पिंपळगाव, मोहाडी या बाजूच्या पॅकहाउसला बायका लागतात. पहाटे गाडी येते, रात्री सोडते. घड निवडायचा, खराब मणी कात्रीने काढायचे, वजन करून पनेटमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या डब्यात, भरायचं. उभ्याने काम, गारठ्यात, बोटं बधिर होतात. मी दोन हंगाम केले. कष्टाचं मला काही वाटत नाही. पण माल लवकर संपला, गारपीट झाली, निर्यात अडकली की गाडी येत नाही आणि त्या दिवसाची हजेरी नाही. एप्रिल संपला की आठ महिने पुन्हा शोध.

मग घरी जॉबवर्क घेतलं. छोट्या गाळ्यांतून गोणीने माल येतो. टर्मिनलमध्ये स्क्रू बसवायचे, पत्र्या जोडायच्या, शेकड्यावर पैसे. हे काम मी कारखान्यात करत होते, फरक एवढाच की तिथे पगार होता, पीएफ होता, सुट्टी होती, हाताला लागलं तर दवाखाना होता. आता तेच सुटे भाग माझ्या स्वयंपाकघरात जोडले जातात आणि वीज माझी, जागा माझी, डोळेही माझेच. दुपारी शाळेतून आलेली मुलं आईशेजारी बसून स्क्रू लावतात, अशी घरं मी नाशिकच्या सिडको भागात गल्लोगल्ली दाखवू शकते. शेकड्याचा दर कोण ठरवतो? माल आणून देणारा. घासाघीस केली तर गोणी पुढच्या घरी जाते. किमान वेतनाचा कायदा पीस रेटच्या कामालाही लागू होतो, पण घरात बसून काम करणाऱ्या बाईपर्यंत तो घेऊन कुणी निरीक्षक आलेला मी पाहिला नाही. मुळात ती काम करते याचीच नोंद कुठे नाही.

आता पोळीभाजीचे डबे करते. शिकायला आलेल्या मुलांचे, एकट्या राहणाऱ्या नोकरदारांचे. उद्यम नोंदणी केली, अन्नाची नोंदणी केली. सकाळी चारला उठते. दिवाळीत चकली-अनारशाच्या ऑर्डरी येतात तेव्हा शेजारच्या दोघींना हाताशी घेते. डबे हेच सध्या आमच्या घराचं मुख्य उत्पन्न आहे आणि मला ते काम आवडतं. पण परीक्षा संपल्या की मुलं गावी जातात आणि डबे निम्म्यावर येतात. तेलाचा, गॅसचा भाव वाढला तरी डब्याचा दर वाढवता येत नाही, दोन गल्ल्या पलीकडे दुसरी बाई तेवढ्यात देते. तीसुद्धा कुठल्यातरी कारखान्यातून आलेली असते. एका भागात इतक्या जणींनी एकदम डबे सुरू केले तर कुणाचंच पोट नीट भरत नाही, हे स्वयंरोजगाराचा सल्ला देणाऱ्यांनी समजून घ्यावं.

धंदा थोडा मोठा करावा, पोळ्यांचं यंत्र घ्यावं म्हणून कर्ज मागितलं. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात महिलांना वयात सवलत आहे, अनुदानही चांगलं आहे, आणि हे मी मान्य करते. अडतं ते बँकेत. बँकेने आधी पगारपत्रक मागितलं, मग तीन वर्षांची विवरणपत्रं, मग जामीनदार. नोकरी गेली म्हणून जो स्वयंरोजगाराकडे वळला त्याच्याकडे पगारपत्रक असेल कसं? बँकेचं कर्ज मंजूर झालं नाही की सरकारचं अनुदानही कागदावरच राहतं, कारण एक दुसऱ्याला बांधलेलं आहे. बचत गटाने मला उभं केलं. त्या बायकांचे उपकार मी विसरणार नाही, पण गटाच्या कर्जातून मोठी कढई आणि दोन शेगड्या येतात, यंत्र येत नाही.

काही जणींनी हातगाडीचा विचार केला. पोहे, उपमा, चहा. फेरीवाल्यांसाठी 2014 चा केंद्राचा कायदा आहे आणि तो नीट वाचला तर फार चांगला आहे. शहराने दर पाच वर्षांनी विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं, लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं, नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडून दिलेले, त्यात एक तृतीयांश महिला, आणि सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणालाही उठवायचं नाही. राज्यातल्या किती शहरांत ही पाच वर्षांची मुदत पाळली जाते, हे आपण सभागृहात विचारावं. सर्वेक्षण झालं नाही तर नव्याने गाडी लावणाऱ्या बाईचं नाव यादीत येत नाही. नाव नाही म्हणून प्रमाणपत्र नाही, प्रमाणपत्र नाही म्हणून फेरीवाल्यांसाठीच्या पीएम स्वनिधी योजनेचं कर्ज नाही, आणि गाडी उचलून नेली तर दाद मागायला कागद नाही. भांडवल म्हणून मंगळसूत्र गहाण टाकणारी बाई या धास्तीनेच मागे सरते.

आमची मोजणीसुद्धा धड होत नाही, हेही सांगायला हवं. बेरोजगारीचा जो आकडा आता दर महिन्याला जाहीर होतो, त्यात आधीच्या सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास जरी काम केलं असेल तर ती व्यक्ती रोजगारात धरली जाते. गोणीभर स्क्रू लावले की मी रोजगारात. ज्या आठवड्यात काम नाही आणि शोधून दमल्यामुळे शोधतही नाही, त्या आठवड्यात मी घरकाम करणारी, श्रमशक्तीच्या बाहेर. माझ्याबरोबर नोकरी गेलेल्या पुरुषाला नातेवाईक निदान विचारतात, कुठे लागलं का? आम्हाला विचारतात, आता घरी बरं वाटत असेल ना? सर्वेक्षणाच्या व्याख्या दिल्लीत ठरतात, त्या बदला असं मी आपल्याला सांगत नाही. पण आकडा कमी आहे म्हणून प्रश्न कमी आहे, असं उत्तर मात्र कृपया देऊ नका.

लाडकी बहीण योजनेचे 1,500 रुपये माझ्या खात्यात येतात. त्यातून गॅसची टाकी आणि सासूबाईंचं औषध होतं. ते पैसे नकोत असं मी म्हणणार नाही. पण मी अठरा वर्षं काम करून घर चालवलं आहे. मला काम हवं आहे. पहिल्या पाळीच्या वेळेला अजूनही जाग येते आणि आपल्याला आज कुठेच जायचं नाही हे आठवतं, तेव्हा जे वाटतं ते 1,500 रुपयांनी भरून निघत नाही. आमच्यातले काही पुरुष सकाळी डबा घेऊन बाहेर पडतात आणि गोदाकाठी किंवा कुठल्यातरी बागेत बसून संध्याकाळी परततात, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. दारू लागलेले आहेत. जीवाचं बरंवाईट करून घेतील की काय म्हणून ज्यांच्या बायका रात्री जागतात, असेही आहेत. या माणसांना समुपदेशनाची गरज आहे, आणि त्याहून आधी कामाची.

हे अशक्य आहे असं कुणी म्हणू नये. केरळमध्ये 2010 पासून अय्यंकाली नागरी रोजगार हमी योजना आहे. 2020 मध्ये हिमाचल प्रदेश आणि झारखंडने शहरांसाठी योजना आणल्या. राजस्थानने सप्टेंबर 2022 मध्ये शहरी कुटुंबांना शंभर दिवसांच्या कामाची योजना सुरू केली. त्यांच्यातल्या त्रुटींचा अभ्यास करा, पैसे कमी पडले तिथे का पडले ते पाहा. पण रोजगार हमी ज्या राज्याने देशाला दाखवली त्या राज्यात शहरासाठी कायदा नसावा, हे मला महाराष्ट्राची मुलगी म्हणून लागतं. 1969 मध्ये याच राज्याने माथाडी कामगारांचा कायदा केला. ज्या हमालाचा मालक रोज बदलतो त्यालाही मंडळाकडे नोंद, पीएफ आणि रजेचा पगार मिळू शकतो, हे त्या कायद्याने सिद्ध केलं. 1981 मध्ये सुरक्षा रक्षकांसाठी तसाच कायदा झाला. एकच कायम मालक नसलेल्या कामगाराला संरक्षण कसं द्यायचं हे आपल्याला पन्नास वर्षांपासून माहीत आहे.

नाशिकपुरतं बोलायचं तर 2027 चा सिंहस्थ समोर आहे. रस्ते, घाट, निवारे, स्वच्छता, अन्नछत्रं, माहिती कक्ष, प्रथमोपचार, हजारो माणसं लागणार. ती सगळी बाहेरच्या ठेकेदारांच्या मजुरांतून येणार की त्यातला ठरावीक वाटा इथल्या नोंदणीकृत बेरोजगारांना मिळणार, हे आजच ठरवायला हवं. यंत्र चालवणारे, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, भांडारात हिशेब ठेवणारे, शंभर माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या बायका, सगळे अंबड-सातपूरच्या परिसरात बसून आहेत. त्यांची यादी करायला महिनाही लागणार नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

1977 च्या रोजगार हमी कायद्याची व्याप्ती वाढवून महानगरपालिका आणि सर्व नगरपालिका क्षेत्रं त्यात आणावीत. शहरी कुटुंबाला वर्षाला किमान शंभर दिवसांचं काम हक्काने मिळावं आणि पंधरा दिवसांत न मिळाल्यास भत्ता. शहरातलं काम म्हणजे फक्त खोदकाम असू नये. शाळांचा पोषण आहार, पाळणाघरं, रोपवाटिका, महापालिका दवाखान्यांतली मदत, सरकारी इमारतींची विजेची आणि प्लंबिंगची दुरुस्ती, जुन्या नोंदी संगणकावर घेणं, अशी कामं यादीत यावीत, आणि ज्याच्या हातात कसब आहे त्याला अकुशल मजुराचा दर देऊ नये.

व्यवसाय करातून दर वर्षी किती पैसे जमा होतात आणि त्यातले रोजगार हमीवर किती खर्च होतात, याचा जिल्हावार हिशेब दर अर्थसंकल्पाबरोबर मराठीत प्रसिद्ध करावा.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेला जोडून 36 ते 58 वयाच्या, कारखाना बंद पडल्याने किंवा कपातीने काम गेलेल्यांसाठी वेगळा भाग सुरू करावा. अशा कामगारांना राज्य सरकारच्या आणि महापालिकांच्या वर्ग तीन व चारच्या भरतीत, जितकी वर्षं त्यांनी नोकरी केली त्या प्रमाणात वयाची सवलत द्यावी.

घरी बसून पीस रेटवर काम करणाऱ्यांची नोंदणी माथाडीच्या धर्तीवर एखाद्या मंडळाकडे व्हावी आणि शेकड्याचा किमान दर त्या मंडळाने ठरवावा. माल देणाऱ्याचं नाव नोंदीत असावं.

ज्या शहरांत पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण मुदतीत झालेलं नाही, तिथे ते सहा महिन्यांत पूर्ण करावं, आणि नोकरी गेलेल्यांना नव्याने नाव नोंदवण्याची संधी त्यात असावी.

नोकरी गेल्यापासून किमान एक वर्ष घरकर्जाच्या हप्त्याला सवलत आणि त्या काळातल्या थकबाकीमुळे स्वयंरोजगाराचं कर्ज नाकारलं जाऊ नये, यासाठी राज्यस्तरीय बँकर्स समितीत सरकारने विषय मांडावा. बँका केंद्राच्या अखत्यारीत आहेत हे आम्हाला माहीत आहे, पण त्या समितीत राज्य सरकारही बसतं.

आपल्यापैकी कुठल्याही सदस्याला यासाठी मंत्रिपदाची गरज नाही. व्यवसाय कराच्या हिशेबाबाबत तारांकित प्रश्न कुणीही टाकू शकतं. 1977 च्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारं अशासकीय विधेयक कुठल्याही पक्षाचा सदस्य मांडू शकतो. मसुदा करायला कायद्याचा जाणकार लागेल, पण कलमांत काय असावं हे सांगायला आम्ही कामगार येऊ, आपण बोलवाल तिथे आणि आपण द्याल त्या वेळेला. आमच्या भागातल्या आमदारांना या पत्राची प्रत आम्ही स्वतः नेऊन देणार आहोत आणि येत्या अधिवेशनात हा विषय कुणी मांडला, कुणी त्याला पाठिंबा दिला याची नोंद ठेवणार आहोत. उत्तर लेखी मिळावं, ही विनंती.

आपली,
अंबड औद्योगिक वसाहतीतली एक माजी कामगार
नाशिक